लव काढायची, पण पाते नवे हवे

 

आजचा विषय ऐकून कुणी गालातल्या गालात हसेल. आज आपण बोलणार आहोत चेहऱ्यावरच्या लवेबद्दल आणि ती पात्याने काढण्याबद्दल. शहरात याला डर्माप्लेनिंग म्हणतात. ठाण्याच्या राम मारुती रोडला, डोंबिवलीच्या फडके रोडला, नाहीतर कल्याण स्टेशनच्या आसपास बाजाराला गेलात की पार्लरच्या आणि स्किन क्लिनिकच्या पाट्यांवर हा शब्द आता दिसतो. नवरीच्या पॅकेजमध्ये फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग यांच्या जोडीला तेही लिहिलेले असते. लगीनसराई आली की मुली विचारतात, "आई, हे करू का?" आणि आई म्हणते, "बाईच्या तोंडाला ब्लेड? दाढी येईल ना!"

मुलीला हौस असते आणि आईला भीती. दोघींचेही थोडे खरे आहे, थोडे चुकीचे आहे. दाढी येण्याची भीती खोटी आहे. पण पात्याची भीती अगदीच खोटी नाही. फक्त ती वेगळ्या कारणासाठी बाळगायला हवी. ते कारण आज नीट समजून घेऊ.

आधी हे असते काय ते पाहू. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो कागदाहूनही पातळ असतो. खालून नव्या पेशी वर येतात, वरच्या झडतात, आणि साधारण चार आठवड्यांत हा थर बदलतो. या थरावर गाल, कपाळ, ओठांच्या वर, कानशिलापाशी मऊ बारीक लव असते. डर्माप्लेनिंगमध्ये एका हाताने कातडी ताणून धरतात, दुसऱ्या हाताने धारदार पाते तिरके धरतात आणि हलक्या हाताने छोटे छोटे फटकारे मारत ती लव आणि वरच्या मेलेल्या पेशी खरवडून काढतात. क्लिनिकमध्ये यासाठी शस्त्रक्रियेचे निर्जंतुक पाते वापरतात. नीट केले तर दुखत नाही, रक्त येत नाही, अर्ध्या-पाऊण तासात काम होते.

फायदा काय? चेहरा हाताला मऊ लागतो. पावडर किंवा मेकअप एकसारखा बसतो, लवेत अडकून राहत नाही. मेलेल्या पेशी गेल्यामुळे चेहऱ्यावर तजेला दिसतो. दोऱ्याने थ्रेडिंग करताना केस मुळापासून उपटले जातात, गरम वॅक्सने कातडी ओढली जाते, ब्लीचने कुणाकुणाची आग होते. तसे यात काही नसते. ज्यांना ब्लीच सोसत नाही त्यांना हा एक पर्याय आहे, हे खरे.

पण हा फायदा तीन-चार आठवडे टिकतो. लव परत येते, थर परत तयार होतो. यात वांग जात नाही, मुरुमांचे खड्डे भरत नाहीत, सुरकुत्या जात नाहीत आणि माणूस गोरा होत नाही. कुणी सांगितले की एका बैठकीत रंग उजळेल, तर समजा की ती तुम्हाला काहीतरी विकायला बसली आहे.

आता दाढीची भीती. केस उगवतो तो कातडीच्या आतल्या मुळातून. पाते फिरते ते वर. मुळाला त्याची खबरही लागत नाही. मग केस जाड झाल्यासारखा का वाटतो? लवेचे टोक मुळात निमुळते, मऊ असते. पात्याने ते सपाट कापले जाते. पुन्हा वाढताना ते सपाट टोक बोटाला खरखरीत लागते. भाताची रोपे वाऱ्यावर मऊ डोलतात, पण कापणीनंतर शेतात उरलेले धसकट पायाला टोचते. भात तेच, कापलेले टोक टोचते. लवेचे तसेच आहे. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या बाई शरीररचनेच्या अभ्यासक होत्या. त्यांनी १९२८ साली पुरुषांच्या दाढीचे केस तपासून दाखवून दिले की वस्तरा फिरवल्याने केस जाड होत नाही आणि लवकरही वाढत नाही. या गोष्टीला शंभर वर्षे होत आली, तरी आपल्या ओसरीवर ती अजून पोहोचायची आहे.

बाईच्या अंगाला वस्तरा लागू नये या भावनेमागे आपल्याकडे आणखी एक दुखरी आठवण आहे. काही जातींमध्ये विधवेचे केस जबरदस्तीने काढले जात. १८९० साली मुंबईत नाभिक समाजाच्या लोकांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असे ठरवले. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. तेव्हा तो वस्तरा बाईच्या मर्जीविरुद्ध चालत होता. आज कुणी आपल्या मर्जीने लव काढते, कुणी काढत नाही. दोन्ही चालेल. पण मर्जी खरंच आपली हवी. "तुझ्या ओठावर मिशी दिसते", असे नणंद म्हणाली किंवा बघायला आलेल्या पाहुण्यांत कुणी कुजबुजले, म्हणून घाबरून करायची ही गोष्ट नाही. लव सगळ्या बायकांना असते. ती रोग नाही, अस्वच्छपणाही नाही.

आता खऱ्या भीतीकडे येऊ. ती आहे पाते कुणाचे, याची.

पात्याने खरवडताना कितीही काळजी घेतली तरी डोळ्याला न दिसणारे बारीक ओरखडे पडतात. त्यातून रक्ताचा अगदी सूक्ष्म अंश पात्याला लागू शकतो. तेच पाते दुसऱ्या बाईच्या चेहऱ्यावर फिरले तर पहिलीच्या रक्तातला आजार दुसरीला होऊ शकतो. यातला सगळ्यात चिवट विषाणू म्हणजे यकृताची कावीळ करणारा हिपॅटायटिस बी. शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातही तो निदान सात दिवस जिवंत राहतो. पाते कापसाने पुसले, साबणाने धुतले, जंतुनाशकात बुडवून काढले, म्हणजे ते निर्धोक झाले असे धरून चालू नका. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हेही रक्तातून पसरणारे आजार आहेत.

कुणी म्हणेल, पार्लरमध्ये असे कधी होते का? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात झाले आहे. तिथल्या एका विनापरवाना स्पामध्ये बायका सुयांनी करायचे फेशियल करून घेत होत्या. त्यात स्वतःचेच रक्त काढून चेहऱ्याला लावतात. एका बाईला २०१८ मध्ये एचआयव्हीची लागण असल्याचे कळले आणि तिला लागण होण्याचे दुसरे कारण सापडेना. तपास झाला तेव्हा दिसले की एकदाच वापरून टाकायचे साहित्य तिथे पुन्हा पुन्हा वापरले जात होते. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये याचा अहवाल दिला. ते सुयांचे फेशियल होते, पात्याचे नव्हे. पण धडा तोच आहे. चेहरा सुंदर करायला गेलेल्या बायकांच्या वाट्याला दुसऱ्याच्या रक्ताचा आजार आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. एचआयव्ही किंवा कावीळ असलेल्या बाईला दूर ठेवा, तिला पार्लरमध्ये येऊ देऊ नका, असा याचा अर्थ मुळीच नाही. एकत्र बसण्याने, जेवण्याने, हात धरण्याने एचआयव्ही किंवा ही कावीळ पसरत नाही. आजार कुणाला आहे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते, तिला स्वतःलाही ठाऊक नसते. म्हणून बाई ओळखीची की अनोळखी हा प्रश्नच नाही. प्रत्येक बाईला नवे पाते, एवढा एकच नियम सगळ्यांना सांभाळतो.

दुसरी भीती म्हणजे पाते चांगले असले तरी चेहरा त्यासाठी योग्य आहे का, याची. चेहऱ्यावर पिकलेले, लाल मुरूम असतील तर पाते फिरवायचे नाही. मुरूम फुटतात, त्यातला पू पसरतो, डाग राहतात. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात, ते अंगावर असताना नाही. गजकर्ण, इसब, सोरायसिस, चेहऱ्यावरच्या बारीक चपट्या चामखिळी असतील तर नाही, कारण पात्याबरोबर चामखीळ रेषेत पसरते. अंगावर कोड असेल तर ओरखड्याच्या जागी नवे पांढरे डाग उठू शकतात. जखम भरल्यावर जिचा वण फुगून वर येतो, कान टोचल्यावर जिला गाठ आली होती, तिनेही यापासून लांब राहावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, साखर ताब्यात नसेल, मुरुमांसाठी डॉक्टरांनी पोटातून घ्यायच्या जोरदार गोळ्या दिल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीची एक खोड आहे. तिला कुठेही खरचटले, आग झाली, की बरे होताना ती काळा डाग सोडते. डास चावला तरी महिनाभर डाग राहतो, हे आपण पाहतो. गोऱ्या कातडीच्या बायकांचे व्हिडिओ बघून मोबाइलवर हे सोपे वाटते. आपल्या चेहऱ्यावर हात जरा जड पडला तर पंधरा मिनिटांच्या कामाचे डाग सहा महिने निस्तरत बसावे लागते. ज्यांना आधीच वांग आहे त्यांनी तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाते लावूच नये.

तिसरी भीती म्हणजे त्यानंतर चेहऱ्याला काय चोपडतात, याची. वरचा थर निघाल्यावर लावलेले क्रीम आत जास्त शिरते. चांगले क्रीम असेल तर ठीक. पण आपल्याकडे डबीवर नाव नाही, कंपनी नाही, अशी गोरेपणाची क्रीमे पार्लरमधून, बाजारातून, ओळखीतून फिरत असतात. अकोल्यातली गोष्ट काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली पार्लरमधून घेतलेले क्रीम वापरत होत्या. चेहरे उजळले, लोकांनी कौतुक केले, आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासले तेव्हा त्यात पारा सापडला. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. नकळत आला तरी चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

दुसरी क्रीमे स्टिरॉइडची. ती औषधाच्या दुकानातून ट्यूबमध्ये येतात. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. सरकारने २०१८ मध्ये अशी क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी शेजारणीने सांगितले म्हणून आपण आणतोच. महिनोनमहिने लावले की चेहरा लाल होतो, कातडी पातळ होते, मुरूम येतात आणि चेहऱ्यावर केस वाढतात. आता गंमत बघा. क्रीमने केस वाढवले, म्हणून बाई पात्याकडे वळते. आणि त्याच क्रीमने कातडी इतकी पातळ केलेली असते की पाते लावले तर चिरते. जिच्या चेहऱ्याला असे क्रीम चालू आहे तिने पात्याचा विचार सोडून आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. ते क्रीमही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, चेहरा भडकतो. डॉक्टर ते हळूहळू सोडवतात.

एवढे सगळे ऐकूनही जिला करायचे आहे, तिने खुशाल करावे. फक्त वेळ बघून करावे.

लग्नघरातली वेळ फार महत्त्वाची. आपल्याकडे, विशेषतः आगरी-कोळी घरांत, हळदीचा सोहळा लग्नाइतकाच मोठा असतो. नवरी आदल्या दिवशी पार्लरला जाऊन पाते फिरवून येते आणि संध्याकाळी चेहरा भरून हळद लागते. नुकत्याच खरवडलेल्या चेहऱ्याला हळद झोंबते, आग होते, आणि लग्नाच्या फोटोत चेहरा लाल दिसतो. करायचेच असेल तर हळदीच्या सात-आठ दिवस आधी करा. आणि आयुष्यात पहिल्यांदाच करायचे असेल तर लग्नाच्या तोंडावर नकोच. महिना-दोन महिने आधी एकदा करून बघा, कातडी काय म्हणते ते कळेल.

उन्हाचे तेच. ज्या आठवड्यात राब भाजायचे आहेत, आवणीला वाकायचे आहे, भारे वाहायचे आहेत, त्या आठवड्यात करू नका. ऊन, धूर, घाम आणि चुलीची धग नव्या कातडीला सोसत नाही. निदान आठवडाभर बाहेर पडताना चेहऱ्याला ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफ असलेले सनस्क्रीन लावा, दोन-अडीच तासांनी पुन्हा लावा, वर पदर, ओढणी किंवा छत्री घ्या. सनस्क्रीन परवडत नसेल किंवा ऊन चुकवणे शक्य नसेल, तर डर्माप्लेनिंग आपल्यासाठी नाही, असे सरळ समजावे. त्यात कमीपणा काही नाही. पहिले दोन-तीन दिवस ब्लीच, स्क्रब, वाफ, लिंबू, अत्तर, डाळीचे पीठ यातले काही लावायचे नाही. साध्या पाण्याने चेहरा धुवायचा, टिपून कोरडा करायचा, साधे बिनवासाचे मॉइश्चरायझर लावायचे.

खुर्चीवर बसण्याआधी काय विचारायचे ते आता सांगते. हे लिहून घ्या, मैत्रिणीलाही सांगा.

पहिले, पाते माझ्यासमोर बंद पाकिटातून काढाल ना? पाकीट फोडताना आपण बघायचे. आधीच ट्रेमध्ये ठेवलेले पाते नको. दुसरे, वापरलेले पाते कुठे टाकता? टणक, न भोसकणाऱ्या डब्यात टाकतो, असे उत्तर यायला हवे. तिसरे, हात धुऊन नवे हातमोजे घालणार ना? चौथे, करणारी व्यक्ती कोण, आणि तिने याचे शिक्षण कुठे घेतले? पाटीवर डॉक्टर लिहिले असेल तर कोणते डॉक्टर, त्वचेचे की दुसरे, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला लाजू नका. कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिले म्हणजे डॉक्टर असतोच असे नाही. पाचवे, माझ्या तब्येतीबद्दल तुम्ही मला काही विचारणार की नाही? मुरूम, गोळ्या, ॲलर्जी यांबद्दल एक शब्दही न विचारता जी थेट पाते हातात घेते, तिच्यापुढून उठून यावे. आणि सहावे, पावती द्याल ना?

हे विचारल्यावर कुणी तोंड वाकडे केले तर ते बरेच झाले. तिथे करायचे नाही हे तुम्हाला फुकटात कळले.

आता घरी करण्याबद्दल. चेहऱ्यासाठी प्लास्टिकच्या दांडीचे छोटे रेझर मिळतात. क्लिनिकच्या पात्याइतके ते खोल जात नाहीत, मुख्यतः लवच काढतात. शस्त्रक्रियेचे पाते मात्र घरी आणून स्वतःच्या चेहऱ्यावर चालवू नका. नवऱ्याचे दाढीचे ब्लेडही नको. छोटे रेझर वापरायचे तर चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा. उजेडात, आरशासमोर बसा. कातडी बोटांनी ताणा, रेझर तिरका धरा, लव ज्या दिशेने वाढते त्याच दिशेने, वरून खाली, छोटे फटकारे मारा. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा फिरवू नका. नाक, पापण्या, तीळ, मुरूम सोडून द्या. एक रेझर एकाच बाईचा. दोघी बहिणींत एक नाही, मायलेकींतही एक नाही. दोन-तीनदा वापरला की टाकून द्या. बोथट पाते जास्त चिरते.

टाकतानाही विचार करा. ते पाते कचऱ्यात सुटे टाकले तर घंटागाडीवर काम करणाऱ्या कुणा ताईचा हात चिरेल. ठाणे, कल्याण-डोंबिवलीचा कचरा उचलणारे हातही आपल्यासारख्याच घरांतले असतात. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत पाती साठवा, झाकण घट्ट लावा, वर लाल खूण करा आणि मगच द्या.

एक गोष्ट मात्र पात्याने झाकून ठेवू नका. लव वेगळी आणि हनुवटीवर, गळ्यावर, कल्ल्यांपाशी येणारे काळे, जाड केस वेगळे. असे केस येत असतील, पाळी दोन-दोन महिने पुढे जात असेल, वजन वाढत असेल, मुरूम जात नसतील, तर ते पीसीओएसचे लक्षण असू शकते. केस अचानक, झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला तर अजिबात थांबू नका. मुलीला पार्लरच्या आधी डॉक्टरांकडे न्या. तपासणी, आहार, गरज पडली तर औषध यांनी पुढचा त्रास टळतो. आपल्या भागात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, जवळची ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये आहेत. निघण्याआधी आपल्या आशाताईंकडून विचारून घ्या, त्वचेचे किंवा बायकांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात. म्हणजे गाडीभाडे आणि रोजगार फुकट जाणार नाही.

आपल्या गटांतल्या कितीतरी मुलींनी ब्यूटिशियनचा कोर्स केला आहे, कुणी घरात पार्लर चालवते. त्यांच्यासाठी चार शब्द. तुमच्या हातात कला आहे, त्यावर घर चालते, याचा मला आदर आहे. म्हणूनच सांगते, एका पात्याच्या किमतीसाठी आपले नाव घालवू नका. नवे पाते प्रत्येक गिऱ्हाइकासमोर फोडा आणि त्याचे पैसे दरात धरा. बायका देतील, कारण कशाचे देतात ते त्यांना दिसेल. चिमटे, कात्री असे पुन्हा वापरायचे साहित्य वाफेच्या दाबावर निर्जंतुक करा. मुरूम, वांग, चामखीळ दिसली की "ताई, आधी डॉक्टरांना दाखवा" म्हणा. त्या दिवशीचे गिऱ्हाईक जाईल, पण ती बाई दहा जणींना सांगेल की ही मुलगी खरे बोलते. आणि हिपॅटायटिस बीची लस स्वतः घ्या. मोठ्या माणसांना तिचे तीन डोस असतात. रोज पाते हातात धरणाऱ्या मुलीला तिची सगळ्यांत जास्त गरज आहे.

शेवटी, काही बिघडलेच तर काय? थोडी लाली एक-दोन दिवस राहते, त्याला घाबरू नका. चिरले तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा. तंबाखू, चुना, राख, टूथपेस्ट लावू नका. लाली वाढत गेली, पू झाला, चेहरा गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या कुणाला वापरलेल्या पात्याने तुमचे रक्त निघाले अशी शंका असेल तर गप्प बसू नका. सरकारी रुग्णालयात लगेच जा. एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, जितके लवकर तितके चांगले. याच विषयावर १०९७ या क्रमांकावर फोन करून मोफत माहिती मिळते, नाव सांगावे लागत नाही.

चेहऱ्याचे फोटो काढून ठेवा, पावती जपून ठेवा. सेवा देणाऱ्याच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल तर ग्राहक म्हणून तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही. पार्लरचे बिल काही त्याच्या वर जात नाही! पण पावती नसेल तर आपले म्हणणे लंगडे पडते, म्हणून ती मागायची.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की दहा मिनिटे या विषयाला द्या. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांना ते सहा प्रश्न पाठ करून घ्या. गावात पार्लर चालवणारी मुलगी असेल तर तिलाही बोलवा, तिचेही ऐका. आणि एखादी म्हणाली, "मला काही करायचे नाही, माझी लव मला खुपत नाही", तर तिला आग्रह करू नका. जिला करायचे तिने नव्या पात्याने, योग्य वेळी, विचारून करावे. जिला नाही करायचे तिने साबणाने तोंड धुवावे आणि हसत मांडवात जावे.